सुकाणूवर कोण?

पिशवी मी आठवडाभर आधीच भरली होती आणि मधल्या दिवसांत एकदा रिकामीही केली होती. टॉवेल, आधारकार्डाची झेरॉक्स, स्टीलचा पेला, गोळ्यांचा कागद आणि एक पुस्तक. ऑपरेशननंतर काही दिवस वाचायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी पुस्तक मी बाहेर काढत होतो आणि पुन्हा आत ठेवत होतो. एकाहत्तराव्या वर्षी सहलीला निघालेल्या पोरासारखं वागू नये हे मला कळत होतं. पण हात ऐकत नव्हते.

गुरुवारी सकाळी साडेसहाला दापोलीच्या स्टँडबाहेरून नेत्रशिबिराची बस सुटणार होती. ती आम्हा चौदा जणांना रत्नागिरीच्या दवाखान्यात नेणार, दुपारी मोतीबिंदू काढणार, एक रात्र ठेवणार आणि दुसऱ्या दिवशी परत आणून सोडणार. याआधी तीनदा माझं नाव यादीत लागलं होतं आणि तीनदा मी गेलो नव्हतो. या खेपेला वाडीत घरोघरी तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवून सांगितलं, "डावा डोळा पार पिकलाय. आता चुकवलंत तर डोळाच जाईल. उजव्याचा नंबर त्याच्या मागून आहेच."

मी न जाण्याचं कारण घरात होतं. माझा थोरला भाऊ धाकू. नाव धाकू आणि भाऊ थोरला, या गोष्टीवर आमच्या बुरोंडी गावात पन्नास वर्षं विनोद होत आले आहेत. मी त्याला दादा म्हणतो, गाव त्याला सुकाणीतात्या म्हणतं आणि मला भाऊ. एकतीस वर्षं तो मोठ्या बोटींवर सुकाणी होता. कप्तान सांगेल त्या दिशेला जहाज धरून ठेवायचं, हे त्याचं काम. आता त्याला एकोणऐंशी वर्षं झाली आहेत आणि आपण जेवलो की नाही हे त्याला आठवत नाही. वहिनी बारा वर्षांपूर्वी गेली. त्याचा मुलगा दीपक मुंबईला असतो, गणपतीत येतो. मी लग्न केलं नाही. कृषी विद्यापीठाच्या लायब्ररीत नोकरी केली, निवृत्त झालो आणि दादापाशी राहायला आलो.

आमच्या पडवीच्या कठड्याजवळ एक लाकडी खुर्ची आहे. तिथून सरळ समुद्र दिसतो. मी त्या खुर्चीत बसलो की दादा शांत असतो. मी स्वयंपाकाला आत गेलो की तो स्वतः येऊन त्या खुर्चीत बसतो, मी आलो की उठतो. पण मी अंगणाच्या बाहेर पाऊल टाकलं की संपलंच. दोन्ही हातांनी कठडा धरून तो अशा हाका मारतो की खालच्या आळीतली माणसं बाहेर येतात.

तीन वर्षं असं चाललं होतं. वाणी सामान पोचवायचा, मालन दारावर मासे आणायची. मी गावच्या वाचनालयातसुद्धा गेलो नव्हतो. लोक हळहळायचे, "भाऊवर किती जीव आहे तात्यांचा!" खरं सांगायचं तर मलाही ते ऐकायला बरं वाटायचं. माझ्यावाचून कुणाचं अडलं आहे असं आयुष्यात कधी झालं नव्हतं. मी रजेवर असलो तर लायब्ररीत ते दुसऱ्या दिवशी कळायचं.

मात्र गेल्या महिन्यात दादाची रात्रीची गोळी मी त्याला सकाळी दिली. पाकिटावरचं नाव दिसलंच नाही. तो दिवसभर झोपून राहिला आणि मी त्याच्या नाकाशी हात धरून बसलो होतो. आमच्या वाडीची आशा सेविका सगुणा, तिला मी हे सांगणार नव्हतो. पण तिने विचारलं आणि माझा चेहरा काही लपवू शकला नाही.

"बास झालं," ती म्हणाली. "तुमचं नाव मी गटात घातलंय."

"कुठल्या गटात?"

"विसावा गट. सांभाळणाऱ्याला घटकाभर विसावा. आपल्या गावात घरात पडून असलेली म्हातारी माणसं नऊ. त्यांना सांभाळणारी नऊ. त्यातली निम्मी तुमच्यासारखी स्वतःच म्हातारी. आज एकानं दुसऱ्याकडे बसायचं, उद्या दुसऱ्यानं पहिल्याकडे."

"मला न विचारता नाव घातलंस?"

"विचारत बसले असते तर तुम्ही नको म्हणाला असतात. मग तुमचा डोळा गेला असता आणि मला डॉक्टरांची बोलणी बसली असती."

असं ठरलं की गुरुवार-शुक्रवार मालन आणि अनिल आळीपाळीने दादापाशी बसतील. मालन मासे विकते आणि सात वर्षं अंथरुणाला खिळलेल्या सासूला सांभाळते. अनिल सहा आसनी रिक्षा चालवतो, त्याच्या वडिलांचं एक अंग गेलं आहे. त्याआधी शनिवारी दोन तासांची रंगीत तालीम घ्यायची होती.

त्या तालमीचा जो बोजवारा उडाला, तो सर्वस्वी माझ्यामुळे. लहान मूल रडू नये म्हणून आया मागच्या दाराने सटकतात, तसं करू, असं मीच सुचवलं. दादा चहा पीत होता. मालन त्याच्याशी बोलू लागली आणि मी चपला हातात घेऊन परसातून निघालो. वळसा घालून अंगणाबाहेरच्या फणसापाशी पोचलो असेन नसेन, तोच हाक आली. मी झाडामागे लपलो. एकाहत्तर वर्षांचा माणूस, हातात चपला, फणसामागे!

अर्धा तास मी तिथे उभा होतो. दादा खुर्चीत बसून कठडा धरून होता, मालनला शिव्या घालत होता, जवळ येऊ देत नव्हता. पाणी नको, काही नको. शेवटी त्याचं धोतर भिजलं, तरी तो जागचा हलला नाही. मी धावत आलो. त्याने माझ्याकडे बघितलं, उठला आणि आत गेला.

रविवारी मी सगुणाला मेसेज लिहिला, "माझे नाव काढून टाकावे, ही विनंती." तीनदा खोडला, चौथ्यांदा पाठवला. पिशवी रिकामी केली ती तेव्हा.

सोमवारी सकाळी मालन बांगडे घेऊन आली. टोपली खाली ठेवून ती सरळ पडवीत दादासमोर जाऊन बसली.

"काय वो तात्या, शनिवारी मला शिव्या कशाला घातल्यात?"

अशा रुग्णाला कारणं विचारू नयेत, वाद घालू नये, असं मी वाचलं होतं. या आजारावरची दोन पुस्तकं मी भिंग लावून वाचली होती आणि वहीत टिपणंही काढली होती.

"तू कोण?" दादा म्हणाला.

"मालन. बांगडेवाली. जरा सोडा की तुमच्या भावाला रत्नागिरीला. मी बसते ना हितं."

"तू कशी बसशील?"

"का? खुर्ची मोडंल काय?"

दादा हसला. कित्येक महिन्यांनी. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ह्यानं तुला कोर्स दिला?"

"कसला कोर्स?"

"बघ! व्हील असं टाकून कोण जातं? बदली माणूस यायला लागतो. जाणारा सांगतो, कोर्स किती, म्हणजे बोट किती अंशावर धरायची, आणि समोर काय. येणारा तेच्या तेच परत बोलतो. मगच हात काढायचा. हा येडा मागल्या दारानं पळतो. बोटीवर असता तर ह्याला सारंगानं कानफटवला असता."

"मग आता कोर्स किती हाय?"

"टू सिक्स फाइव्ह."

"टू सिक्स फाइव्ह," मालन ताबडतोब म्हणाली.

दादाने तिच्याकडे नीट पाहिलं. "शिकलेली दिसतेस."

"चौथी पास."

"पुरे आहे," दादा म्हणाला.

मी दारात उभा होतो, हातात बांगड्यांची परात. तीन वर्षं ती खुर्ची म्हणजे सुकाणूचं चाक होतं. तीन वर्षं दादा माझ्यासाठी हाका मारत नव्हता. पाळीचा माणूस कोर्स न देता चाक सोडून गेला आणि जहाज भर समुद्रात आहे, म्हणून तो जिवाच्या आकांताने ओरडत होता. मी स्वयंपाकाला गेलो की तो येऊन बसायचा, तो चाक सांभाळायला. आणि मी पुस्तकं वाचली, टिपणं काढली, पण भावाला एकदाही विचारलं नाही, "का रे?"

मला वाईट वाटलं, हे लपवत नाही. त्याला मी नको होतो. कुणीतरी हवं होतं. पण पुढच्याच क्षणी ते 'कुणीतरी' माझ्या डोक्यात असं काही उजळलं की परात हातातून निसटायचीच बाकी होती. कुणीतरी म्हणजे कुणीही! मालन चालेल. अनिल चालेल.

मालननेच ते बोलून दाखवलं. "म्हणजे भाऊ, तुमच्यावाचून काय अडत नाय. पेढे वाटा."

मंगळवारी आम्ही पुन्हा तालीम घेतली. मी खुर्चीत, मालन बाजूला उभी, दादा मागे हात बांधून.

"कोर्स टू सिक्स फाइव्ह," मी म्हणालो.

"मोठ्यानं! समोर काय?"

"समोर... साफ."

"कोर्स टू सिक्स फाइव्ह, समोर साफ," मालन म्हणाली, मी उठलो आणि ती खुर्चीत बसली. मी कठड्यावरचा हात काढला. दादाने मान हलवली. मी अंगण ओलांडलं, फणस ओलांडला, रस्त्यावर आलो. हाक आली नाही. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेलो, काही घ्यायचं नसताना काडेपेटी घेतली आणि दुकानदाराला म्हटलं, "मी आलोय!" तो म्हणाला, "ते दिसतंय." बुधवारी अनिलबरोबर तालीम केली. त्या वेळी मी थेट किनाऱ्यावर गेलो. ओल्या वाळूत चपला काढून वीस मिनिटं उभा राहिलो आणि काय करावं ते सुचेना म्हणून परत आलो. परत येताना मी चक्क शीळ घालत होतो. पिशवी पुन्हा भरली.

गुरुवारी पहाटे पाच वाजता अनिलची रिक्षा दारात आली. मालनही पोचली होती. पदर खोचलेला, डोक्याला लेकाची कानटोपी. त्यांचा बेत पक्का होता. अनिल मला दापोलीला सोडून परत येणार आणि नऊला मालनला मोकळं करणार. बुरोंडीहून दापोली अर्ध्या तासाच्या वर आहे, घाट आहे, आणि बसवाल्यांनी सांगितलं होतं की सव्वासहाला नावं पुकारू, हजर नसेल त्याच्या जागी पुढचा माणूस घेऊ.

दादा उठून मागे हात बांधून उभा होता. बाहेर काळोख.

मी तोंड उघडणार तोच तो मालनला म्हणाला, "पाच मिनिटं उभी राहा. उजेडातून आलीस. डोळे काळोखाला सरावू देत."

"तात्या, यांची गाडी—"

"काळोखात व्हील घेताना आधी डोळे सरावतात. मगच बदली."

पाच मिनिटं. खाली अनिलने एकदा हॉर्न वाजवला, मग दोनदा. मी खुर्चीत बसून मनात सेकंद मोजत होतो आणि तीनशेच्या आत दोनदा चुकलो. दादाची पाच मिनिटं काही संपेनात; पाच वीस झाले. पाच पंचवीस.

"बोल," दादा मला म्हणाला.

"कोर्स टू सिक्स फाइव्ह."

"समोर काय?"

दिवसा मी "साफ" म्हणून वेळ मारून नेली होती. पण आता समोर काळ्या समुद्रावर काहीतरी होतं. मासेमारीच्या होड्यांचे दिवे असावेत. मला फक्त पांढरट, पसरलेला एक डाग दिसत होता, पाण्यात पीठ सांडावं तसा. दिवा एक आहे, दोन आहेत की पाच, कुठल्या बाजूला, काही कळत नव्हतं. "साफ" म्हणावं तर दादाला दिवे दिसत होते. त्याची नजर आजही घारीसारखी आहे. आकडा ठोकून द्यावा आणि चुकला तर? बदली होणार नाही, हाका सुरू होतील, बस जाईल.

मालनने माझ्या कानाशी कुजबुजायला तोंड पुढे केलं.

"तू गप," दादा तिला म्हणाला. "हा सांगेल. समोर काय?"

खाली हॉर्न वाजला.

"दादा," मी म्हणालो, "मला दिसत नाही."

तीन वर्षं मी हे त्याच्यापासून लपवलं होतं. त्याचा आधार मी, मीच आंधळा होतोय हे कळलं तर तो खचेल, असं मला वाटायचं. तो वाकून माझ्या तोंडाशी आला.

"दिसत नाही?"

"नाही."

"कधीपासून?"

"झाली दोन-तीन वर्षं."

"आणि व्हीलवर बसतोस?" त्याचा आवाज चढला. "कप्तानाला सांगितलंस?"

"नाही."

"का?"

दादाचा आवाज एकदम खाली आला.

"भ्यालास? अरे, मी पण भ्यायचो. दर खेपेला बोटीवर चढायच्या आधी डोळे तपासायचे. पाटीवरची अक्षरं मी बाहेर उभा राहून पाठ करायचो. पण व्हीलवर खोटं बोलायचं नाही. मागं माणसं झोपलेली असतात." त्याने माझ्या खांद्याला धरून मला खुर्चीतून उठवलं. एकोणऐंशी वर्षांचा हात, पण मी उठलोच. "जा खाली. डॉक्टरला दाखव. डोळे बरे झाल्याशिवाय वर यायचं नाही. हुकूम आहे."

मग मालनकडे वळला. "समोर काय?"

"दोन होड्यांचे दिवे, तात्या. डाव्या हाताला. लांब हायत."

"कोर्स?"

"टू सिक्स फाइव्ह."

"बस."

मी पिशवी उचलली आणि पायऱ्या उतरताना अर्ध्या दिसल्या नाहीत तरी पळालो. अनिल म्हणाला, "काय करत होतात वरती?" मी म्हणालो, "हुकूम झाला! हाण गाडी!" मी कुणाला असं कधी बोललो नव्हतो. घाटात त्याने अशी काही रिक्षा हाकली की मी दोन्ही हातांनी दांडी धरून बसलो आणि मोठमोठ्याने हसत होतो. स्टँडबाहेर पोचलो तेव्हा शिबिराच्या बाई यादी वाचत होत्या. माझं नाव आलं आणि मी रस्त्याच्या पलीकडूनच ओरडलो, "हजर!" तेरा म्हातारी डोकी माझ्याकडे वळली.

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. बारा-पंधरा मिनिटं लागली असतील. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरने डोळ्यावरची पट्टी काढली आणि म्हणाली, "समोर बघा, काका." समोरच्या भिंतीवर एक पाटी होती. मी ती मोठ्याने वाचली, "येथे पान, तंबाखू खाऊन थुंकू नये. हुकुमावरून." सिस्टर हसली. मी पुन्हा वाचली. मग खाली बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव होतं, तेही वाचलं. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ म्हणाले, "अहो पुरे, पाठ होईल." वाचायला बंदी आहे, अशी आठवण सिस्टरने करून दिली तेव्हा कुठे मी थांबलो.

शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमाराला मी काळा चष्मा लावून घराच्या पायऱ्या चढलो. खुर्चीत अनिल होता. दादा त्याच्या मागे उभा होता, दाढी केलेली, स्वच्छ सदरा. त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं.

"नवीन आहेस?" तो म्हणाला. "कागद आत दे. तुझी पाळी चारला."

हुकूम त्याच्या लक्षात नव्हता, मीही नव्हतो. मी चष्मा वर केला आणि त्याच्याकडे पाहिलं. तीन वर्षं ज्याला मी रोज आंघोळ घालत होतो, त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या आहेत हे मला माहीत नव्हतं. डाव्या कानाखाली वस्तऱ्याची बारीक जखम होती, अनिलने दाढी करताना केलेली. गालांवर रेघाच रेघा, आणि डोळे समुद्रावर लावलेले, सावध, काम करणाऱ्या माणसाचे. मी समजत होतो तो बिचारा, हरवलेला. हा माणूस कामावर होता. त्याच्याकडे मी इतका वेळ बघत राहिलो की अनिल म्हणाला, "भाऊ, चष्मा लावा. ऊन हाय."

"मी बसू का आता?"

"चारला सांगितलंय ना त्यांनी," अनिल म्हणाला. "मला चारपर्यंत उठू द्यायचे नाहीत ते. तुम्ही जावा, पडा जरा."

तेवढ्यात मालन परसातून आली, हात पुसत. तिने माझ्या डोळ्यासमोर बोटं नाचवली. "किती?"

"तीन. आणि मधल्या बोटाला खवलं चिकटलंय."

"आता माझा नंबर," ती म्हणाली. "मंगळवारी मला माहेरी जायचं हाय, हर्णैला. आईला दोन वर्षं बघितली नाय. आमच्या सासूबाईंपाशी तुम्ही बसायचं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. इथं तात्यांकडे सगुणा येईल."

मालनची सासू म्हणजे विमलाकाकू. गावात त्यांच्या तोंडाला सगळे भितात. परक्या घरी, एका बाईमाणसापाशी दिवसभर मी काय बोलणार? माझ्याकडून काही चुकलं तर?

"त्यांना काय आवडतं?" मी विचारलं. "म्हणजे काही वाचून वगैरे दाखवू का? तोवर वाचायची परवानगी नसेल, पण तोंडपाठ आहे थोडंफार—"

"त्यांना फक्त शिव्या द्यायला आवडतात," मालन म्हणाली. "मी सात वर्षं ऐकते. त्यांना नवीन माणूस मिळाला तर बिचाऱ्या खूश होतील. अंग पुसायला माझी जाऊ येईल, तुम्ही नुसती पेज भरवायची आणि ऐकायचं. आणि हो, त्यांना पण विचारा, त्या शिव्या का देतात ते. मी कधी विचारलंच नाय."

ती टोपली डोक्यावर घेऊन निघाली. ती फणसापर्यंत पोचली. मग मी पायऱ्या उतरून तिच्या मागे गेलो आणि हाक मारली, "मालन! मंगळवारी किती वाजता येऊ?"